काळी चारमधली झेन

जुनी गाडी बाळगणाऱ्यांचे दोन वर्ग असतात. एकाला नवी परवडत नाही, म्हणून तो जुनीलाच नवी करत सुटतो. सीट कव्हरं चढवतो, चाकांना अलॉय घालतो, डॅशबोर्डवर टॅबलेटएवढा टचस्क्रीन लावतो आणि रिव्हर्स घेताना मागचं कुत्रं त्यात बघतो. दुसऱ्यालाही नवी परवडत नाही, पण तो ते तोंडाने म्हणत नाही. "आता असल्या गाड्या बनतच नाहीत हो," असं म्हणून तो ओरिजिनलच्या मागे लागतो. ओरिजिनल व्हीलकॅप, ओरिजिनल मडफ्लॅप, ओरिजिनल किल्लीची रिंग. पहिल्याचे पैसे जातात. दुसऱ्याचे पैसे जातात आणि शिवाय रविवार जातात. मी दुसऱ्यातला.

माझी गाडी १९९८ सालची मारुती झेन. पंधरा वर्षं उलटल्यावर आरटीओत रीतसर पुनर्नोंदणी झालेली, पर्यावरण कर भरलेली. झेनवाल्या माणसाला दोन गोष्टी तोंडपाठ असतात आणि त्या तो लग्नात शेजारच्या पानावर बसलेल्या परक्या माणसालाही सांगतो. एक, ही गाडी १९९३ साली आली आणि २००६ साली बंद झाली, हा देशावर अन्याय आहे. दुसरी, जपानमध्ये हिचं नाव सुझुकी सर्व्हो मोड, तिकडे ती ६६० सीसीच्या इंजिनावर धावायची आणि आपल्याकडे आली तेव्हा ९९३ सीसीची झाली. यातली दुसरी गोष्ट मला फार महागात पडली.

गाडी माझ्याकडे आली ती मोठ्या भावाकडून. त्याने तिच्यात एक स्टिरिओ बसवून घेतला होता. किल्ली फिरवली की त्याच्या पडद्यावर निळ्या अक्षरांत 'वेलकम' सरकत जायचं आणि मग सगळे दिवे आळीपाळीने नाचायचे. पुढेपुढे त्याचा आवाज आपोआप वाढू लागला. सिग्नलला शेजारी रिक्षा उभी असताना हा एकदम गर्जना करायचा आणि रिक्षावाला माझ्या वयाकडे बघायचा. तेव्हा मी ठरवलं, हे काढायचं आणि गाडीत कंपनीचा टेप बसवायचा.

"कुठल्या कंपनीचा?" बायकोने विचारलं.

"अगं, फॅक्टरी फिटेड. गाडीबरोबर आलेला असतो तो."

"पण हिच्याबरोबर टेप आलाच नव्हता ना? दादांनी घेतली तेव्हा तिथे काळं झाकण होतं. मी बघितलंय. त्यात ते टोलच्या पावत्या खोचायचे."

हे खरं होतं. त्या काळी बहुतेक लोक गाडी टेपशिवाय घ्यायचे आणि मग बाहेरून स्वस्तात बसवून घ्यायचे. म्हणजे शास्त्रोक्त ओरिजिनल करायचं तर मला एक काळं प्लॅस्टिकचं झाकण शोधायला हवं होतं. पण ओरिजिनलवाला माणूस असा अडत नाही. मूळ म्हणजे पार मुळापर्यंत जायचं. जपानमधल्या सर्व्हो मोडमध्ये सुझुकीचा टेप असायचाच. तो बसवला म्हणजे गाडी आपल्या माहेरच्या रूपात येईल, असं मी बायकोला समजावलं. ती भाजी निवडत होती. माहेरचा शब्द निघाल्यावर तिने एकदा वर पाहिलं, बाकी काही म्हणाली नाही.

पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे पितळी नळ, बिनतोटीच्या समया, एकेरी रोलर स्केट, कुणाच्या तरी आजोबांचा फ्रेममधला फोटो आणि मोटारींचे टेप हे सगळं एकाच ताडपत्रीवर मिळतं. आणि तिथेच मला तो दिसला. काळा, मॅट, पुढे सुझुकीचं इंग्रजी नाव, डाव्या हाताला आवाजाचं गोल बटण, मध्ये कॅसेटचा खण, एएम-एफएम आणि कोपऱ्यात 'टीआय' असं लिहिलेली एक छोटी कळ.

"जपानी आहे साहेब. डायरेक जपान," विक्रेता म्हणाला.

"चालतो का?"

"चालत नसता तर इथंवर आला असता का?"

या युक्तिवादावर मला आजतागायत उत्तर सापडलेलं नाही. टेपच्या मागून निघालेल्या सगळ्या वायरी चार बोटांवर कापलेल्या होत्या. कपलर नव्हता. ज्याने तो कुठूनतरी काढला त्याने घाईत काढला असावा, या विचारावर मी फार रेंगाळलो नाही. भाव करताना मी "ठेवा मग" म्हणून पाच पावलं पुढे जाण्याचा पारंपरिक प्रकारही केला. त्याने हाक मारली नाही. मीच परत आलो.

इथे थोडं शास्त्र सांगायला हवं, कारण माझा आत्मविश्वास त्यावरच उभा होता. गाडीच्या टेपचं तोंड १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच असतं. हे माप जर्मनांनी ठरवलं, पुढे आयएसओने उचललं आणि जगभरातल्या गाड्यांत त्याच मापाचं भोक पडू लागलं. मी घरी येऊन टेप मोजला. १८० बाय ५०. गाडीतलं भोक मोजलं. १८० बाय ५०. मी बायकोला बोलावून दोन्ही मापं दाखवली. इतकं सगळं आधीच जुळून आलंय म्हटल्यावर उरलं काय, फक्त वायरी जोडणं.

वायरींबद्दल माझं ज्ञान एका तक्त्यावर होतं. पिवळी म्हणजे बॅटरीवरून कायम येणारा करंट, त्याच्यावर टेपची आठवण टिकते. लाल म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारा करंट. काळी अर्थिंगची. नारिंगी दिव्यांची, म्हणजे रात्री कळा उजळायच्या त्यासाठी. पांढरी, करडी, हिरवी, जांभळी या चार स्पीकरांच्या, आणि त्यांच्याच काळ्या रेघेच्या जोडीदारणी उणेच्या. किती सुंदर व्यवस्था! फक्त हा तक्ता बाहेरून विकत घेतलेल्या टेपचा असतो. गाड्या बनवणाऱ्या कंपन्या आपल्या टेपला आपल्या मर्जीचे रंग देतात. हे मला तेव्हा माहीत होतं का? होतं. मला वाटलं, सुझुकी इतकी काही वेडीवाकडी वागणार नाही.

शिवाय जर्मन पद्धतीत टेप पत्र्याच्या खोक्यात सरकवून बसवतात आणि जपानी पद्धतीत तो दोन्ही बाजूंनी स्क्रूने आवळतात. म्हणजे माझा टेप समोरून आत जाईना, मधला सगळा कन्सोल उतरवणं आलं. १९९८ सालच्या प्लॅस्टिकला वाकायची सवय राहिलेली नसते. पहिली क्लिप टक् करून तुटली तेव्हा मी चक्क दचकलो. नंतरच्या क्लिपा तुटल्या तेव्हा सवयीने पुढे गेलो.

आत टॉर्च मारला. भावाच्या निळ्या स्टिरिओवाल्याने केलेलं काम समोर आलं. बारा-तेरा वायरी, त्यातल्या निम्म्या लाल. स्पीकरची लाल, अर्थिंगचीही लाल, कारण त्या दिवशी त्याच्याकडे लालच रीळ असणार. सांध्यांवर गुंडाळलेल्या टेपपट्टीचा गोंद सुटून बाहेर आला होता आणि हात लागेल तिथे बोटांना काळा चिकटा लावत होता. एक वायर कुठूनच येत नव्हती आणि कुठेही जात नव्हती. ती मी बाहेर ओढली तर फूटभर लांबीचा एक मोकळा तुकडाच हातात आला. कुणीतरी तो तिथे ठेवला होता. का, ते त्यालाच माहीत.

पण मी पद्धतशीर माणूस. मास्किंग टेपच्या चिठ्ठ्या केल्या आणि जशी एकेक वायर ओळखत गेलो तशी तिच्या गळ्यात चिठ्ठी बांधत गेलो. स्पीकरच्या वायरी ओळखायची एक जुनी, नामी युक्ती आहे. भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घ्यायचा आणि वायरींच्या जोडीला क्षणभर टेकवायचा. ज्या स्पीकरची जोडी असेल तो खट् करतो. त्याचा कागद बाहेर उसळला तर अधिकला अधिक लागलं, आत गेला तर उलटं. उलटं राहिलं तर एक स्पीकर ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो आणि तबल्याचा बाया ऐकूच येत नाही. मी पुढच्या सीटवर आडवा होऊन सेल टेकवत होतो, आणि बायको दारातल्या स्पीकरच्या जाळीला डोळा लावून सांगत होती, "बाहेर... आत... अरे, काय माहीत, हललं काहीतरी." चिठ्ठ्यांवर मी त्याप्रमाणे नोंदी केल्या.

संध्याकाळ झाली होती. नीट दिसावं म्हणून मी गाडीचे पार्किंग लाइट लावले, त्यांच्याबरोबर डॅशबोर्डही उजळतो. मग मल्टीमीटर घेऊन लाल वायरीसाठी करंट शोधला. एका वायरीवर बारा व्होल्ट आले. सगळं बंद केलं, व्होल्ट गेले. परत लावलं, परत आले. म्हणजे हीच ती, किल्लीबरोबर चालू-बंद होणारी! जोडली, पट्टी गुंडाळली, किल्ली फिरवली. टेपच्या पडद्यावर हिरवट आकडे उमटले आणि मी हॉर्न वाजवून सोसायटीला कळवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघालो तर टेप मेलेला. रात्री परत येताना जिवंत. पुन्हा सकाळी मेलेला. रात्रीच्या आणि सकाळच्या परिस्थितीत काय फरक आहे, हे लक्षात यायला मला वेळ लागला, कारण मी दमट हवा, बॅटरी, जपानी तंत्रज्ञानाची संवेदनशीलता अशा उंच पातळीवर विचार करत होतो. फरक एवढाच होता की रात्री मी दिवे लावत होतो. मी टेपचा श्वास दिव्यांच्या वायरीला जोडला होता.

कन्सोल पुन्हा उतरवायची माझी तयारी नव्हती. म्हणून काही दिवस मी भर दुपारी पार्किंग लाइट लावून गाडी चालवली. आपल्याकडे दिवसा दिवा लावून चाललेल्या माणसाला सगळं पुणं मदत करायला धावतं. समोरून येणारा प्रत्येक जण पंजा वर करून बोटं उघडमीट करतो. यात सगळ्यात तळमळीने बोटं मिटणारे दुचाकीवाले, ज्यांचा स्वतःचा हेडलाइट २०१७ पासून कायद्यानेच कायम चालू असतो. मी प्रत्येकाला हात दाखवून आभार मानत गेलो. शेवटी एका सिग्नलला हवालदाराने खिडकीपाशी येऊन विचारलं, "दिवसा लाइट का?"

"रेडिओ ऐकतोय."

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. पावती कशाची फाडायची, हे त्याला ठरवता आलं नसावं.

आणि रेडिओ तरी काय ऐकत होतो? एफएमवर नुसती खरखर. मी अँटेनाची पिन काढून-घालून बघितली, गाडीच्या खांबातली कांडी पूर्ण बाहेर ओढली, चतुःशृंगीच्या चढावर जाऊन बघितलं. काही नाही. मग एकदा बटण सावकाश फिरवत शेवटपर्यंत गेलो, तर आकडा ९०.० वर थांबला आणि पुढे ७६.० आला. या टेपच्या काळात जपानात एफएमचा पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झ असा होता. आपला ८७.५ ते १०८. पुण्यातली खासगी स्टेशनं सगळी ९१ च्या पुढे, विविध भारती १०१ वर. म्हणजे माझ्या ओरिजिनल टेपच्या मते पुण्यात एकही एफएम स्टेशन नव्हतं.

त्या टीआयच्या कळेचाही उलगडा त्याच सुमारास झाला. जपानी महामार्गांवर कडेला लहान ट्रान्समीटर असतात आणि ते १६२० किलोहर्ट्झवर पुढच्या कोंडीची बातमी देत राहतात. कळ दाबली की टेप थेट तिथे जातो. चांदणी चौकात गाडी तसूभर हलत नसताना मी ती कळ दाबायचो. टेप आज्ञाधारकपणे १६२० वर जायचा आणि सूं आवाज करत कुणीतरी काहीतरी सांगेल याची वाट बघत बसायचा. त्या वेळी त्याची मला दया यायची.

तापकीर गल्लीत या रोगावर औषध मिळालं. एक डबी अँटेनाच्या वाटेत बसवायची, ती येणारा प्रत्येक एफएम आकडा १४ ने खाली उतरवते. म्हणजे ९८.३ वरचं स्टेशन टेपला ८४.३ वर सापडतं. विविध भारती हवी असेल तर १०१ मधून १४ वजा करून ८७ वर जायचं. बायकोने एकदा विचारलं, "हे ८४.३ काय आहे?" मी हातच्याचं गणित सांगायला लागलो. तिने खिडकीची काच खाली केली आणि बाहेर बघायला लागली.

एवढ्यात फ्यूज जायला लागला. सिगारेट लायटर आणि टेप एकाच फ्यूजवर, म्हणजे त्याच्याबरोबर मोबाइल चार्जरही बंद. एके दिवशी डॅशबोर्डमधून जळक्या प्लॅस्टिकचा वास आला, तेव्हा मी गाडी बाजूला घेऊन एक जुनी कथा आठवली आणि स्वतःला धीर दिला. अमेरिकेत १९३० साली पॉल गॅल्विन नावाच्या माणसाने मोटारीत बसणारा रेडिओ बाजारात आणला, मोटोरोला हे त्याचंच नाव. धंद्याला कर्ज मिळावं म्हणून त्याने बँकेच्या साहेबाच्या पॅकार्ड गाडीत तो बसवून दिला आणि अर्ध्या तासात ती गाडी पेटली, असं सांगतात. कर्ज काही मिळालं नाही. आता गॅल्विनसारख्याची ही गत, तर मी कोण? आणि माझी तर गाडी स्वतःची होती.

शेवटी नाना पेठेत गेलो. गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या एका चाचांकडे लोकांनी पाठवलं होतं. चाचा साठीचे, चष्मा कपाळावर, हातात नुसता टेस्ट लॅम्प, म्हणजे एक बल्ब आणि दोन वायरी. मल्टीमीटर त्यांच्या टपरीत खुंटीला टांगलेला, त्यावर धूळ. त्यांनी कन्सोल दोन मिनिटांत उतरवला, एकही क्लिप न तोडता. तोडायला फारशा उरल्याही नव्हत्या. आत मान घातली आणि गप्प झाले.

"ये किसने किया?"

"आधीच्या मालकाने," मी म्हणालो. मोठ्या भावाबद्दल मला खरोखर आदर आहे, पण तो त्या वेळी नागपुरात होता.

चाचांनी आत हात घातला आणि एक चिठ्ठी बाहेर ओढली. चष्मा डोळ्यांवर घेतला आणि वाचली. "बहुतेक लेफ्ट." दुसरी ओढली. "हा नाही." तिसरीवर मी लिहिलं होतं, "लाल?? पण मग ती दुसरी कोण?" हे वाचून झाल्यावर त्यांनी टपरीतल्या पोऱ्याला बोलावलं आणि त्यालाही वाचून दाखवलं. पोऱ्याने माझ्याकडे बघून विचारलं, "साहेब, बँकेत आहात का?" मी बँकेतच आहे. त्याला कसं कळलं हे विचारायचा धीर झाला नाही.

चाचांनी जे केलं ते सांगण्यासारखं काहीच नव्हतं, इतकं ते सोपं होतं. किल्लीची वायर शोधली, जोडली. फ्यूज उडवणारी वायर कन्सोलच्या पत्र्यावर घासत होती, तिच्यावर नळी चढवली. अर्थिंग माझ्यासारखं दुसऱ्याच वायरीच्या पाठीवर न देता बॉडीच्या एका नटाखाली, रंग खरवडून दिलं. माझी ती मोकळी फूटभर वायर त्यांना सीटखाली सापडली. "ये रख लो, काम आएगी," म्हणाले. जाताना सांगितलं, "साहेब, अब हाथ मत लगाना."

हात लावायचं मला काही कारण नव्हतं. टेप चालत होता, रेडिओ वजाबाकी करून लागत होता. पण मला मोबाइल जोडायचा होता. इथे ओरिजिनलवाल्यांच्या मनातली एक फट उघडी पडते. दिसायला सगळं १९९८ पाहिजे, पण ऐकायला आजचं पाहिजे. ब्लूटूथ नको, तो वर्ग वेगळा. मी ठरवलं, टेपच्या पोटात एक छुपी वायर घालायची आणि तिचं टोक हातमोज्यांच्या खणात काढायचं. कुणाला दिसणार नाही.

टेप खोलला. फिलिप्सने कॅसेट १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली, तेव्हापासून तिच्या यंत्रात एक गोष्ट बदललेली नाही, ती म्हणजे रबरी पट्टा. मोटरचं फिरणं तो चाकाकडे नेतो, फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरने सरकते आणि गाणं होतं. माझ्या टेपमधला पट्टा आता पट्टा राहिलेला नव्हता. त्याची काकवी झाली होती. काळी, चिवट, चाकाच्या खाचेत बसलेली. कापसाचे बोळे स्पिरिटमध्ये बुडवून ती काढताना बायकोच्या चांगल्या टॉवेलवर एक ठिपका पडला. तो ठिपका आज त्या टॉवेलपेक्षा घट्ट आहे.

नवा पट्टा घालून मग मी मूळ शस्त्रक्रियेला लागलो. आवाजाच्या गोल बटणाखाली सहा पाय असतात, तीन डाव्या कानाचे, तीन उजव्याचे. तिन्हींत एक अर्थिंग, एक आत येणारा आवाज, एक बाहेर जाणारा. आत येणाऱ्या पायावर मोबाइलची वायर डाग देऊन बसवायची, मध्ये एक कपॅसिटर. डाग द्यायचा हात मला बरा आहे. दोन्ही डाग चकचकीत बसले. शास्त्राप्रमाणे त्याआधी टेपकडून येणारी सर्किटवरची तांब्याची रेघ ब्लेडने तोडायची असते, नाहीतर कॅसेटचा आवाजही त्याच वाटेने येत राहतो. ती रेघ तोडायला माझं मन धजेना. जपानी कारागिराने ओढलेली रेघ! शिवाय तोडायची गरजच काय? आत बिनआवाजाची कॅसेट ठेवली की झालं. कारण खणात कॅसेट असल्याशिवाय हा टेप त्या वाटेवर येतच नाही.

घरात कॅसेट उरल्या होत्या त्या फक्त बायकोच्या. ती गाणं शिकायची तेव्हाच्या.

"एखादी दे ना. फीत काढून टाकतो आतली, नुसतं कवच पाहिजे."

"फीत काढायची नाही."

"मग कोरी दे."

"कोरी नाही. ही घे. हिच्यात गाणं नाहीये, नुसता तंबोरा आहे. पट्टी काळी चार. दोन्ही बाजूंना तोच. पण जशी देतेय तशी परत पाहिजे."

नुसता तंबोरा म्हणजे जवळजवळ शांतताच, अशी मी मनाची समजूत घातली.

पहिल्या दिवशी मी मोबाइलवर सकाळच्या बातम्या लावल्या. तंबोऱ्याच्या चार तारा छेडल्या गेल्या, खर्ज घुमला आणि त्यावर निवेदिकेचा आवाज आला, की रिझर्व्ह बँकेने रेपो दरात बदल केलेला नाही. ती जे काही सांगेल ते गंभीर आणि चिरंतन वाटू लागलं. भाजीचे भाव वाटले, हवामान वाटलं. मग नकाशा लावला. "आठशे मीटरनंतर उजवीकडे वळा," असं ती बाई म्हणायची आणि मागे प-सा-सा-सा चालू असायचा, जणू आठशे मीटरनंतर विस्तार सुरू होणार आहे. हा टेप ऑटोरिव्हर्सचा. एक बाजू संपली की खटक् करून तो स्वतःच दुसरी बाजू लावतो, आणि दुसऱ्या बाजूलाही काळी चारच. हिंदी सिनेमाचं गाणं लावलं की त्याचा सूर या सुराशी भांडायचा. भांडण कानाला सहन होईना, म्हणून मी काळी चारमध्ये असलेली गाणी शोधू लागलो. ती मला ओळखता येत नाहीत, म्हणून बायकोला विचारू लागलो.

आणि इथे सगळी घडी बिघडली. एका रविवारी ती शेजारी बसली होती. मोबाइल जोडलेला नव्हता, नुसता तंबोरा वाजत होता. कर्वे रस्त्यावर कोंडी होती, खिडक्या बंद होत्या. तिने सहज आकार लावला. मग मंद्रात गेली. मी काही बोललो नाही, गिअर बदलला. कोथरूड डेपोपर्यंत ती यमनच्या निषादावर येऊन थांबली होती आणि मी सिग्नल हिरवा झालेला असूनही निघालो नाही, कारण ती षड्जावर आल्याशिवाय निघणं बरं दिसलं नसतं. मागच्या बसवाल्याला यमन कळत नसावा.

तिने परत क्लास लावलाय. घरी रियाज करायचा तर वरच्या मजल्यावरचे आजोबा फरशीवर काठी आपटतात. ती काठी तिच्या लयीत नसते. गाडीत बसून, काचा वर करून रियाज केला तर कुणाला त्रास नाही, आणि तंबोरा तर तयारच आहे. त्यामुळे सकाळी सात ते आठ गाडी पार्किंगमध्ये असते आणि तिच्या आत भैरव असतो. वॉचमन सुरुवातीला काचेवर टकटक करायचा, आता दुधाच्या पिशव्या बॉनेटवर ठेवून जातो. आठनंतर ती गाडी घेऊनच क्लासला जाते.

मी बसने जातो. बसमध्ये ड्रायव्हरच्या डोक्यावर एक चांगला मोकळा स्पीकर आहे, त्याची एक वायर लोंबते आहे. परवा मी ती नुसती बघत होतो, तर बायकोचा मेसेज आला, की तंबोऱ्याचा एकच स्पीकर वाजतोय, डावीकडचा, पण तू खोलू नकोस, मी चाचांकडे चालले आहे.